ज्याने ठोकला त्यानेच उपटावा

मिस्त्री गेला तेव्हा सोफा दुरुस्तीच्या त्या दुकानात दोन कामं अर्धवट राहिली. एक, दातांच्या डॉक्टरीणबाईंचा लांबलचक सोफा. दुसरं, एक वाद. सोफा मिस्त्रीच्या बायकोने पुरा केला, आणि चांगला केला. वादाचं मात्र भलतंच झालं. गल्लीत अजून लोक ती गोष्ट आवाज खाली आणून सांगतात आणि सांगून झाल्यावर हसतात, कारण हसलं नाही तर अंगावर काटा येतो.

वाद बास्केटबॉलचा. मिस्त्रीने आयुष्यात चेंडू हातात धरला असेल तर तो फाटलेला, शिवायला आलेला. पण मोठ्या लीगमध्ये पैसे घेऊन खेळणारे जे ताडमाड गडी असतात, त्यांच्यात थोर कोण, त्याच्या खालोखाल कोण आणि लोकांनी उगाच डोक्यावर चढवून ठेवलेला कोण, याबद्दल त्याची मतं इतकी पक्की होती की स्वतःच्या लग्नाबद्दलही नसतील.

दुपारची जेवणं उरकली की मंडळी जमायची. बसायला खुर्च्यांची ददात नव्हती, सगळ्या गिऱ्हाइकांच्याच. आज वकिलाची फिरती खुर्ची, उद्या नाटकगृहातल्या चार जोडखुर्च्या. गिऱ्हाईक अचानक दारात उभं राहिलं तर मिस्त्री शांतपणे म्हणायचा, "स्प्रिंगा तपासायला माणसं बसवलीत."

मंडळी म्हणजे मुख्य दोघं. एक सरासरी. हा घरोघर विजेचे मीटर वाचत फिरायचा आणि जगातली कुठलीही गोष्ट आकड्यांची सरासरी काढल्याशिवाय त्याच्या घशाखाली उतरत नसे. मिस्त्रीला पोचवून परत येताना तो म्हणाला होता, "सरासरी वयाच्या मानाने फार लवकर गेला हो," आणि मग रस्त्यातच, दिव्याच्या खांबाला धरून, ढसाढसा रडला होता. दुसरा शेजारच्या दुकानातला चष्मेवाला. याचं म्हणणं, आकडे आंधळे असतात, खेळाडू डोळ्यांनी जोखावा. हे तो बाटलीच्या बुडाएवढ्या जाड भिंगांमागून सांगायचा. तिसरा मिस्त्रीचा सख्खा भाऊ, धाकटा. तो दुकानातच कामाला होता आणि त्याचं मत शेवटी जो बोलला असेल त्याच्यासारखं असायचं.

मागच्या भिंतीला प्लायवूडचा उभा तुकडा टेकवलेला होता. त्यावर रेक्झिनच्या कातरणांच्या पट्ट्या, एकीखाली एक, प्रत्येकीवर खडूने खेळाडूचं टोपणनाव. ही त्यांची क्रमवारी. आणि तिचा कायदा एकच: ज्याने पट्टी ठोकली त्यानेच ती उपटायची. तुमचा खेळाडू वर न्यायचाय? मग आधी त्याच्या डोक्यावर बसलेल्या माणसाचा वकील गाठा, त्याला पटवा, आणि त्याने स्वतःच्या हाताने, पकडीने, आपली पट्टी उपटून खाली आणली पाहिजे. दुसऱ्याने हात लावायचा नाही. एकदा धाकट्याने कोणी नसताना एक पट्टी हलवली, तर मंडळींनी त्याच्याशी बोलणं टाकलं, आणि त्याहून वाईट म्हणजे त्याच्या वाटचा चहा मागवणं टाकलं.

सगळ्यात वर होता डावरा. मिस्त्रीने ठोकलेला. डावरा म्हणजे जुन्या जमान्यातला, डाव्या हाताने खेळणारा गडी. काही मोसम त्याने आभाळाला हात लावला, मग गुडघा गेला आणि खेळ संपला. त्याच्या खाली मनोरा. मनोरा अजून खेळत होता, अजिंक्यपदांचा ढीग लावत होता, आणि सरासरीचा जीव त्याच्यावर होता.

"गुडघा नसता गेला ना," मिस्त्री म्हणायचा, "तर तुझा मनोरा डावऱ्याच्या बुटाच्या नाड्या बांधत असता."

"नसता गेला तर! अरे, माझ्या आत्याला मिशा असत्या तर मी तिला काका म्हटलं असतं!" सरासरी म्हणायचा.

हे बोलताना मिस्त्रीच्या तोंडात कायम बारीक खिळे असायचे. त्या धंद्यात हात दोनच असतात. एकाने कापड ताणायचं, दुसऱ्याने हातोडी मारायची, मग खिळे ठेवायचे कुठे? ओठांत. जिभेने एकेक पुढे ढकलायचा आणि हातोडीच्या लोहचुंबकाच्या टोकावर टिपायचा. त्यामुळे मिस्त्रीचं सगळं बोलणं तोंडाच्या डाव्या कोपऱ्यातून, जरा शीळ घालत, जरा चिरडून यायचं. लोक लांबूनसुद्धा ओळखायचे.

आणि पडद्यामागे शिलाई मशीनवर ती. मिस्त्रीची बायको, सगळ्यांची वहिनी. ती कापायची, शिवायची, खोळी करायची. वर्षानुवर्षं तिने हा वाद मशीनच्या घरघरीतून ऐकला होता. मधेच कधीतरी पाय थांबवून म्हणायची, "अहो, मला वाटतं—"

"थांब गं. महत्त्वाचं चाललंय."

मशीन पुन्हा सुरू व्हायचं.

तर, डॉक्टरीणबाईंचा सोफा. धाकट्याला ताणणं आणि ठोकणं एकदम जमत नसे. बाईंचा निरोपावर निरोप. शेवटी वहिनीने पदर खोचला, ओठांत खिळे धरले आणि सोफ्याच्या पाठीमागे खाली बसून ठोकायला लागली. त्याच दुपारी सरासरी आणि चष्मेवाला बऱ्याच दिवसांनी आले. काय बोलावं कळेना म्हणून नेहमीचंच बोलायला लागले.

"मी काय म्हणतो," सरासरी घसा साफ करत म्हणाला, "मनोऱ्याचे या मोसमाचे आकडे आलेत. सामन्यामागे अठ्ठावीस गुण. या वयात! आता डावऱ्याला वर ठेवणं म्हणजे नुसता हट्ट झाला."

"पण उपटणार कोण?" चष्मेवाला म्हणाला. "ज्याने ठोकला त्यानेच..."

"अरे, तो कुठून येणार आता!"

तेवढ्यात सोफ्यामागून आवाज आला. तोंडाच्या कोपऱ्यातून, शीळ घालत, चिरडून.

"अठ्ठावीस कुणाविरुद्ध? ते बोल आधी. डावऱ्याच्या वेळी रिंगखाली गेलं की बरगडी हातात यायची. आता नुसता वारा लागला तरी शिट्टी. असे अठ्ठावीस माझा भाऊ पण करेल."

चष्मेवाल्याने चष्मा काढला आणि पुन्हा घातला. धाकटा, ज्याच्या अठ्ठावीस गुणांची आत्ताच ग्वाही मिळाली होती, भिंतीला चिकटला. सोफ्याच्या पाठीवरून हळूहळू वहिनी वर आली. हातात हातोडी, ओठांत खिळे, आणि चेहरा पांढराफटक. सगळ्यात जास्त तीच घाबरली होती.

"वहिनी," सरासरीने विचारलं, "तुम्ही बोललात?"

तिने खिळे तळहातावर काढले. त्यांच्याकडे बघत राहिली.

"मी?" ती म्हणाली. "हो. मीच असेन."

आता शहाणी माणसं म्हणतील, यात काय मोठं? तोंडात खिळे धरले की कोणाचाही आवाज तसाच येणार. इतकी वर्षं तेच ते ऐकल्यावर पाठ झालंच असणार. चष्मेवाल्यानेही रात्रभर स्वतःची हीच समजूत घातली. पण पुढच्याच आठवड्यात सरासरीने मनोऱ्याच्या एका अंतिम सामन्याचं कौतुक काढलं, आणि ठोकता ठोकता वहिनीच्या तोंडून आलं, "शेवटची बास्केट त्याची, कबूल. पण तो चेंडू पडताना उचलून कोणी दिला? टकल्याने. रिंगणाबाहेर पडत पडत, एका हाताने. टकल्याचं नाव घेतलंस कधी?" सरासरी घरी गेला, जुन्या क्रीडामासिकांचा गठ्ठा उपसला. टकल्याच होता. एका हातानेच. आणि तो सामना मिस्त्रीच्या तोंडी दुकानात कधी आल्याचं कोणालाच आठवेना. मनोऱ्याची थोरवी सांगणारा सामना तो कशाला काढेल?

वहिनीला विचारलं, तर तिला टकल्या कोण तेच माहीत नव्हतं.

बातमीला पाय असतात म्हणतात. या बातमीला चाकं होती. इस्त्रीवाली येऊन कानात कुजबुजली, "तेवढं मिस्त्रीला विचारा ना, माझ्या स्टुलाचा चौथा पाय कुठे ठेवलाय?" वहिनीने तिला हाकलली. पण ती गेल्यावर ओठांत खिळे धरून माळ्याकडे बघत उभी राहिली, हेही धाकट्याने पाहिलं. पाय माळ्यावरच सापडला. अर्थात, नाहीतर तो असणार कुठे? दुकानाला माळा एकच.

घाबरण्याचे दिवस ओसरले तसं तिला ते आवडायला लागलं. हे तिने कोणाला सांगितलं नाही, पण अशा गोष्टी सांगाव्या लागत नाहीत. काम नसलं तरी ती ओठांत खिळे धरायची. मंडळींना वेळेआधी चहा मागवायची. रुमालाच्या टोकात चार खिळे बांधून घरी न्यायची. स्वयंपाक करता करता ते तोंडात टाकायची आणि थांबायची. मग तो तिरका, चिरडलेला आवाज यायचा, "मीठ कमी आहे." ती चव बघायची. खरंच कमी असायचं. ती चिमूटभर टाकायची आणि एकटीच हसायची. घरात दुसरं माणूस नव्हतं. दोन खोल्या, एक खिडकी आणि तोंडात लोखंडाची चव.

लेक आली चार दिवसांसाठी. तिने दाराबाहेरूनच बापाचा आवाज ऐकला आणि पिशवी हातातून सोडली.

"आई! खिळा गिळलास तर?"

"त्यांनी कधी गिळला का?"

"बाबा मिस्त्री होते. तू..." लेक खाली बसली. मग तिने विचारलं, "आणि या डावऱ्याला तू कधी खेळताना बघितलंस तरी का? की बाबांचीच टेप लावतेस?"

वहिनीने नव्हतंच बघितलं. घरातल्या टीव्हीसमोर सामन्याच्या वेळी तिने फक्त चहा नेऊन ठेवला होता.

लेक हट्टी, बापावर गेलेली. तिने डावऱ्याचे जुने सामने कुठून कुठून शोधून टीव्हीवर लावून दिले आणि बाजारात निघून गेली. वहिनी भरदुपारी पडदे ओढून बसली. मनात धाकधूक, जणू कोणाची चोरून पत्रं वाचतेय.

डावरा सुंदर खेळत होता, यात वादच नाही. उडी मारली की खाली यायचं विसरल्यासारखा. पण तिची नजर भलतीकडेच गेली. डावऱ्याच्याच संघातला एक गडी रिंगखाली मोकळा उभा होता, हात वर करून. चेंडू आला नाही. डावऱ्याने तिघांच्या डोक्यावरून स्वतःच फेकला. पडलाही आत, लोक नाचले. गड्याने हात खाली घेतला, धावत मागे गेला, धावत पुन्हा आला. हात वर. चेंडू नाही. हात खाली.

दुसऱ्या सामन्यातही तेच. ती डावऱ्याकडे बघेचना. तिचं लक्ष त्या एका हाताकडे.

लेक आल्यावर तिने विचारलं, "हा कोण गं?"

"तो? काय माहीत. कोणी नाही."

मग तिने मनोऱ्याचे सामने लावायला सांगितले. मनोरा कसा? ओबडधोबड. दिसायला डावऱ्याच्या पासंगालाही पुरत नाही. पण चेंडू हातात आला की आधी मान वळवून चौघांकडे बघायचा. प्रत्येक वेळी. मग काय करायचं ते करायचा. वहिनीला रडू आलं, आणि बास्केटबॉल बघून आपण रडतोय म्हणून हसूही आलं.

आता तिच्याजवळ स्वतःचं मत होतं. आयुष्यात पहिल्यांदाच या विषयावर. आणि ते मत मिस्त्रीच्या विरुद्ध होतं.

मत नुसतं असलं म्हणून बिघडत नाही. ते बोललं तर बिघडतं. डावऱ्यासाठी भांडायलाच तर तो तिच्या तोंडात येत होता. डावरा खाली आणला तर तो कशाला येईल? मीठ कमी आहे, हे कोण सांगेल? लेक गेल्यावर ती दुकानात नुसती ठोकत राहिली, वाद निघाला की उठून बाहेर जायला लागली. एकदा फिरत्या खुर्चीची स्प्रिंग कोणी बसलेलं नसताना कुरकुरली. कोणी उठून गेल्यावर स्प्रिंग अशी मागाहून बोलते, हे तिला धंद्यामुळे माहीत होतं. पण सकाळपासून त्या खुर्चीत कोणी बसलंच नव्हतं. तिने मान वर केली नाही.

मग मनोऱ्याने निवृत्ती जाहीर केली. शेवटचा सामना झाला, आणि दुसऱ्या दिवशी सरासरी इस्त्रीचा शर्ट घालून आला.

"आज काय तो निकाल लागू दे," तो म्हणाला. "वहिनी, तुम्ही वारस. मिस्त्रीचं काय म्हणणं आहे ते होऊन जाऊ दे."

चष्मेवाल्याने भिंगं पुसली. धाकट्याने दार लोटून घेतलं.

वहिनीने मूठभर खिळे ओठांत धरले. आणि मिस्त्री आला. असा तो जिवंतपणीही आला नव्हता. तो गुडघ्यावर बोलला, त्या काळच्या धसमुसळेपणावर बोलला, एकट्याच्या खांद्यावर संघ वाहून नेण्यावर बोलला. "मनोरा दुसऱ्यांना घेऊन जिंकला, कारण त्याच्याकडे दुसरे होते! डावऱ्याकडे कोण होतं?" सरासरीच्या हातातला आकड्यांचा कागद हळूहळू खाली आला. त्याने तो घडी करून खिशात घातला.

"हरलो बुवा," तो म्हणाला, आणि हरल्याचा आनंद त्याच्या तोंडावर मावत नव्हता. "मिस्त्री तो मिस्त्रीच."

वहिनीने एकेक खिळा हातोडीच्या टोकावर काढून डबीत टाकला. ओठ पुसले.

"हे झालं यांचं," ती आपल्या आवाजात म्हणाली. "आता माझं ऐका."

तिघं बघतच राहिले.

"डावऱ्याकडे कोण होतं, म्हणतात. एकजण होता. रिंगखाली. हात वर करून उभा असायचा बिचारा, मोसमच्या मोसम. याने कधी तिकडे बघितलं नाही. मी बघितलंय, अख्खी दुपार घालवून बघितलंय. न दिलेल्या चेंडूची सरासरी काढता का हो कधी तुम्ही?"

"ती... ती निघत नाही, वहिनी."

"म्हणूनच कोणाला कळत नाही."

तिने पुन्हा दोन खिळे ओठांत धरले. उत्तर द्यायला त्याला जागा करून दिली. दुकान इतकं गप्प झालं की बाहेरच्या नळाचं ठिबकणं ऐकू येत होतं. तिचे गाल आत ओढले गेले, कपाळाची शीर उठली. काही आलं नाही. तिने वाट बघितली. धाकट्याने नंतर सांगितलं, तेवढ्या वेळात वहिनी म्हातारी झाली.

तिने खिळे काढले आणि पकड उचलली.

"अहो, थांबा!" ओरडला कोण? सरासरी! इतकी वर्षं ज्याने ती पट्टी खाली यावी म्हणून घसा फोडला, तोच आडवा आला. "एवढी घाई काय आहे? राहू द्या ना वर. काय बिघडतंय?"

"तुमचा मनोरा वर जातोय की!"

"खड्ड्यात गेला मनोरा! वहिनी, आम्ही भांडायचो ते... तो हरावा म्हणून थोडंच?"

"ज्याने ठोकला त्याने उपटायचा," चष्मेवाला पुटपुटला. "कायदा आहे."

"ही पट्टी कापली कोणी?" तिने विचारलं. "खडूने नाव कोणी काढलं? त्यांना 'ड' कधी नीट काढता आला का? ठोकायला वर धरली कोणी? हातोडी तेवढी यांनी मारली."

तिने पट्टी उपटली. डावऱ्याला खाली आणला, मनोऱ्याच्याही खाली, आणखी एकाच्या खाली. तिसरा.

"दुसरा तरी ठेवा हो," सरासरी रडकुंडीला येऊन म्हणाला.

"तिसरा," ती म्हणाली आणि ठोकला.

त्या दिवसानंतर आवाज आला नाही. खिळे तोंडात धरले की तिचाच आवाज, जरा बोबडा. घरी मीठ कधी कमी पडायचं, कधी जास्त, सांगणारं कोणी नाही. ती तशीच खायची. मंडळींनी आपल्या परीने गळ टाकून बघितले. चष्मेवाला मोठ्याने म्हणायचा, "काही म्हणा, डावऱ्यासारखा गडी झाला नाही!" सरासरी मनोऱ्याला वाटेल ते बोलायचा, खास कोणीतरी चिडून उठावं म्हणून. मग दोघं कान देऊन बसायचे. कापडाच्या ताग्यांमागून, खुर्च्यांमधून, कुठूनच काही नाही.

"गेला," एक दिवस सरासरी म्हणाला.

"गेले नाहीत," वहिनी म्हणाली. "रुसलेत."

आणि तिने जे सांगितलं ते त्या दोघांना माहीतच नव्हतं. वादात हरले की मिस्त्री घरी कोणाशी बोलत नसत. म्हणजे बायकोशी. समोरासमोर बसून जेवायचे, पण निरोप जेवायला आलेल्या भावामार्फत. तिला सांग, आमटी वाढ. तिला सांग, किल्ली दे. ती तीन हातांवर बसलेली असायची. एकदा पंधरवडाभर चाललं होतं, आणि निमित्त काय, तर उशीचा रंग.

"कधी निवायचे?" चष्मेवाल्याने विचारलं.

"त्यांचं त्यांना वाटेल तेव्हा."

हे ती हसत म्हणाली. पण रुसलेला माणूस आणि गेलेला माणूस, दोघंही सारखेच गप्प असतात. बाहेरून फरक कळत नाही, आणि तिलाही कळत नव्हता. मशीनवर बसली की पाय मधेच थांबायचे, ती ऐकायची, आणि पुन्हा घरघर सुरू व्हायची.

पावसाळी हवेची एक दुपार. मंडळी आली नव्हती. धाकटा जमिनीवर बसून एका आरामखुर्चीला पट्टे ताणत होता. इतक्या दिवसांत तोही ओठांत खिळे धरायला शिकला होता. वहिनी मशीनवर खोळीचे कोपरे दुमडत होती. कात्री तिच्या मांडीपाशी.

"तिला सांग," धाकटा खाली मान घालून म्हणाला, तोंडाच्या डाव्या कोपऱ्यातून, "कात्री दे."

मशीन थांबलं.

दुकानात ती दोघंच होती. धाकट्याने तिला जन्मात कधी अगंतुगं केलं नव्हतं. तो पट्ट्याची शिवण डोळ्यांजवळ धरून बघत होता, आपल्याच नादात. आपण काही बोललो याचा मागमूस त्याच्या चेहऱ्यावर नव्हता.

तिने कात्री उचलली, अर्ध्यापर्यंत पुढे केली. मग थांबली. मागे घेतली आणि मांडीखाली दाबून ठेवली.

"भावजी," ती म्हणाली, "त्यांना सांगा, हवी असेल तर मला मागा म्हणावं. माझ्याशी बोलून."

धाकट्याने गोंधळून मान वर केली. ओठांत खिळे तसेच.

"कुणाला सांगू, वहिनी?"

ती त्याच्या तोंडाकडे बघत होती.